आरव्ही-७ मध्ये दुसऱ्या कंपनीची फ्लॅप मोटर: मोजमाप, निवड, जोडणी आणि चाचणी

घरी बांधलेल्या विमानात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा, लँडिंगला खाली उतरणारा भाग) हलवणारी मोटर बदलणं हे शनिवारच्या एका दुपारचं काम समजलं जातं. जुनी काढली, नवी लावली, दोन तारा जोडल्या, स्विच दाबला. मग कुणाचा ब्रॅकेट वाकतो, कुणाचा फ्लॅप ४० ऐवजी ३३ अंशांवर थांबतो, तर कुणाचा फ्यूज दर तिसऱ्या लँडिंगला उडतो. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. वरच्या आणि खालच्या टोकाला फ्लॅपला नेमकं कोण थांबवणार, हे मोटर मागवण्याआधी ठरवलेलंच नसतं. म्हणून इथे मोटरची निवड तिसऱ्या टप्प्यावर येते आणि स्विच सातव्यावर.

उदाहरण म्हणून किट विकणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-७ घेतलं आहे, कारण अमेरिकेतल्या हँगरांत ते मुबलक दिसतं आणि आरव्ही-६, ८, ९ मधली रचना बरीचशी तशीच आहे. आरव्ही-१० किंवा १४ असेल तर एक फरक लक्षात ठेवा: तिथे फ्लॅप शून्याच्याही ३ अंश वर, रिफ्लेक्समध्ये जातो. त्यामुळे 'फ्लॅप वर' आणि 'शून्य अंश' या दोन वेगळ्या जागा आहेत आणि मोजमाप तीन ठिकाणी घ्यावं लागतं. इथलं काही तुमच्या प्लॅनच्या किंवा मोटरसोबत आलेल्या कागदाच्या विरुद्ध जात असेल, तर तो कागद खरा धरा.

नियमांची चौकट अमेरिकेतल्या एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट वर्गाची धरली आहे. ब्रिटनमध्ये एलएए (लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन) या संस्थेच्या परमिटवर उडणाऱ्या विमानात असा बदल आधी मंजूर करून घ्यावा लागतो. भारतात गाठ डीजीसीएशी आहे, तिथे पाना हातात घेण्याआधी त्यांच्याशी बोला.

## १. मोटरच गेली आहे ना?

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो. फ्लॅप हलत नाही म्हणजे मोटर मेली, असं गृहीत धरून कित्येक चांगल्या मोटरी कचऱ्यात गेल्या आहेत.

मधल्या बोगद्यावरचं झाकण काढा. मोटर जोडलेलीच ठेवून, कनेक्टरच्या मागून मल्टिमीटरच्या सुया आत घाला आणि कुणाला तरी स्विच दाबायला सांगा. मोटर सुटी करून घेतलेलं व्होल्टेज फसवं असतं. करपलेला संपर्कही बिनभाराचे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि भार आला की ६ वर कोसळतो. जोडलेल्या मोटरवर बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा एखादा व्होल्ट कमी दिसला तर वायरिंग ठीक आहे, दोष मोटरमध्ये आहे. त्याहून बरंच कमी दिसलं, तर स्विच, ग्राउंडचा जोड आणि क्रिंप (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) या क्रमाने पाहत जा.

जुन्या धाटणीच्या मोटरींमध्ये एक ओळखीचा आजार आहे: गिअरबॉक्समधलं ग्रीस झिरपत कार्बन ब्रशपर्यंत पोहोचतं. मोटर कधी चालते, कधी नाही, आणि बाहेरून हलकेच टिचकी मारली की पुन्हा चालू होते. उघडून कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) नीट पुसला तर ती काही काळ चालेल, पण ग्रीस पुन्हा येणारच. तेव्हा मात्र बदलायचा निर्णय योग्य आहे.

तपासणी: मोटर काढून फ्यूज लावलेल्या तारांनी थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही दिशांना चालवून पाहा. दोन्हीकडे एकसारखी आणि न अडखळता चालली, तर पैसे खिशात ठेवा आणि स्विच बदला.

## २. मोजमाप, मोटर मागवण्याआधी

मास्टर (विमानाचा मुख्य वीज-स्विच) बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. नुसता मास्टर बंद करून भागत नाही. हात बोगद्यात असताना कुणीतरी येऊन "हे काय आहे?" म्हणत स्विच दाबतोच.

मोटरचा रॉड वेल्डमेंटपासून (दोन्ही फ्लॅप एकत्र फिरवणारी वेल्ड केलेली आडवी नळी, म्हणजेच टॉर्क ट्यूब) सुटला की दोन्ही फ्लॅप एकदम खाली येतात. आधी त्यांच्याखाली फोम किंवा गादी लावलेले आधार ठेवा. पुशरॉड (या नळीपासून फ्लॅपपर्यंत जाणारे दांडे) जोडलेलेच राहू द्या, कारण डावा-उजवा मेळ त्यांच्यावर आहे आणि तो आता बिघडवायचा नाही.

आता वरची जागा. एलेरॉन (फ्लॅपच्या बाहेरच्या बाजूची, विमान कलवणारी झडप) पंखाच्या टूलिंग होलनुसार (बांधणीतल्या खुणेच्या भोकांनुसार) न्यूट्रलला बांधा. फ्लॅपची ट्रेलिंग एज (मागची कड) एलेरॉनच्या ट्रेलिंग एजशी एका रेषेत आणा. मोटरच्या वरच्या बोल्टच्या केंद्रापासून वेल्डमेंटच्या भोकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर घ्या. टेपने नको. दोन्ही भोकांत घट्ट बसणाऱ्या पिना घालून कॅलिपरने घ्या, नाहीतर पातळ पट्टीवर खुणा करून ती पट्टी टेबलावर मोजा. फ्लॅपवर डिजिटल लेव्हल ठेवून तिथे शून्य करा.

मग खालची जागा. फ्लॅप सावकाश खाली सोडा आणि लेव्हल ४० अंश दाखवेपर्यंत या. जाता जाता दोन गोष्टी पाहा. पुशरॉड जिथून बॉडीच्या पत्र्यातून बाहेर पडतो, तिथे तो कडेला घासतो का? आणि फ्लॅपचा वरचा पत्रा पंखाच्या पत्र्याखालून पूर्ण बाहेर पडतो का? बाहेर पडला तर परत वर येताना त्याची कड पंखाच्या कडेत अडकेल आणि मोटर ती कड मुकाट्याने मुडपून टाकेल. तुमच्या विमानात हे ३८ अंशांवरच घडत असेल, तर तुमची खालची मर्यादा ३८ च्याही अलीकडे आहे, पुस्तकातला आकडा काहीही असो.

समजा, वरच्या जागी अंतर ११.३० इंच आलं आणि खालच्या जागी १५.१० इंच. हे आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतलेत, तुमचे वेगळे येतील. काही विमानांत फ्लॅप खाली जाताना रॉड लांब होतो, काहींत आखूड, हिशेब तोच. फरक ३.८० इंच, म्हणजे सरासरी दर अंशाला ०.०९५ इंच.

बाजारात ४.०० इंच स्ट्रोकची (म्हणजे रॉड तेवढा सरकवणारी) मोटर दिसते आणि वाटतं, थोडा जास्त आहे, चांगलंच आहे. चांगलं नाही. तो जादा ०.२० इंच फ्लॅपला आणखी २ अंश ढकलेल, म्हणजे थेट त्या कडेच्या धोक्यात किंवा वेल्डमेंटच्या वेल्डवर. ३.७५ इंचाची मोटर घेतली तर फ्लॅप जेमतेम अर्धा अंश कमी उतरेल आणि लँडिंगला तुम्हाला ते जाणवणारसुद्धा नाही. थोडा आखूड स्ट्रोक खपतो. लांब स्ट्रोक तेव्हाच घ्यावा, जेव्हा त्याला मध्ये थांबवणारी दुसरी पक्की व्यवस्था असेल.

तपासणी: वर, खाली आणि शक्य असल्यास २० अंशांवर, असे आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. ०.०५ इंचापेक्षा जास्त फरक पडत असेल तर पिना सैल आहेत किंवा टॉर्क ट्यूबचे प्लास्टिक ब्लॉक झिजलेत. ते आधी नीट करा.

## ३. निवड

पहिला प्रश्न किमतीचा नाही. टोकाला मोटर कशी थांबते, हा आहे. तीन प्रकार भेटतात.

आरव्हीची मूळची मोटर टोकाला पोहोचली की आतल्या आत मोकळी फिरत राहते. म्हणूनच जुन्या वायरिंगमध्ये लिमिट स्विच नसतो आणि 'वर'ची बाजू टिकून राहणारा स्विच लावलेला असतो. दुसरा प्रकार आत लिमिट स्विच असलेल्या लिनियर ॲक्च्युएटरचा: टोकाला वीज तुटते, आतल्या डायोडमुळे उलट दिशेने मात्र वाट मोकळी राहते. तिसऱ्यात आत काहीच नसतं. थांबवायचं काम बाहेरच्या नियंत्रकाने जागेच्या सेन्सरवरून किंवा प्रवाहावरून करायचं असतं.

जुन्या मोटरीच्या वायरिंगवर तिसऱ्या प्रकारची मोटर जशीच्या तशी जोडणं हीच ती ब्रॅकेट वाकवणारी चूक. टिकून राहणारा स्विच तिला टोकावर ढकलत राहतो. आधी ब्रॅकेट वाकतो, नाहीतर वाइंडिंग जळतं.

दुसरा प्रश्न: वीज नसताना ती जागा धरून ठेवते का? साध्या लीड स्क्रूवर उलटा जोर आला तरी तो सहसा फिरत नाही. बॉल स्क्रू कमी प्रवाहात पळतो, पण ब्रेक नसेल तर हवेच्या दाबाने फ्लॅपच त्याला मागे ढकलू शकतो. कागदावर दोन वेगळे आकडे शोधा: चालताना किती जोर आणि थांबलेल्या अवस्थेत किती. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा दुसरा. आरामखुर्ची किंवा सॅटेलाइट डिश हलवायच्या स्वस्त ॲक्च्युएटरवर नजर जाते, कारण आकडे छान दिसतात. पण आतले गिअर प्लास्टिकचे, कंपन सोसण्याची हमी नाही आणि हिवाळ्यात मिनेसोटात ग्रीस घट्ट झाल्यावर काय होईल याचा उल्लेख नाही. तुमच्या मॉडेलसाठी म्हणून बनवलेली मोटर मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्या. या बाबतीत काटकसर मला पटत नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन. बंद अवस्थेतली पिन-ते-पिन लांबी तुमच्या कमी मापाशी जुळली पाहिजे, आणि ती रॉड एंड (रॉडच्या टोकाला आट्यांवर बसणारा, आत गोळा असलेला सांधा) अर्धा उघडलेला असताना जुळली पाहिजे म्हणजे दोन्हीकडे जुळवायला जागा राहते. वेग फार नको. झटकन उतरणारे फ्लॅप नाकाचा कल एकदम बदलतात. ड्यूटी सायकल (मोटर किती वेळ चालवायची आणि किती विश्रांती द्यायची) पाहा, कारण जमिनीवरच्या चाचण्यांत मोटर उड्डाणापेक्षा जास्त राबते.

आणि सेन्सर. मोटरच्या आतला सेन्सर रॉड कुठे आहे ते सांगतो, फ्लॅप कुठे आहे ते नाही. रॉड एंड सुटला तर तो सेन्सर पडद्यावर शांतपणे '४० अंश' दाखवत राहील आणि फ्लॅप वाऱ्यावर वर गेलेले असतील. रे ॲलनच्या पीओएस-१२ सारखा वेगळा सेन्सर वेल्डमेंटच्या बाजूला जोडला तर तो खरं सांगतो. त्याचा प्रवास १.२ इंचांचा आहे, म्हणून तो भुजेवर केंद्राच्या जवळ जोडावा लागतो.

## ४. वायरिंगचा आराखडा कागदावर

काही विकत आणण्याआधी पूर्ण सर्किट एका कागदावर काढा. बॅटरी बस, फ्यूज किंवा ब्रेकर, स्विच, नियंत्रक, कनेक्टर, मोटर, ग्राउंड. प्रत्येक तारेवर गेज (तारेची जाडी; आकडा मोठा तेवढी तार बारीक) लिहा.

गेज ठरवताना एफएएच्या (अमेरिकेतल्या विमान वाहतूक नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेतला तक्ता हाताशी ठेवा. त्यात २२ गेजच्या तांब्याच्या तारेला ५ अँपिअरचा ब्रेकर, २० ला ७.५, १८ ला १० असा मेळ दिला आहे. ब्रेकर तारेला वाचवण्यासाठी असतो, मोटरला नाही. त्यामुळे फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज लावणं म्हणजे रोग सोडून थर्मामीटर बदलणं.

व्होल्टेज किती पडेल तेही काढा. १४ व्होल्टच्या यंत्रणेत अधूनमधून चालणाऱ्या भारासाठी १ व्होल्टची मर्यादा आहे. समजा, मोटर भाराखाली ५ अँपिअर घेते आणि तार जाऊन-येऊन २४ फूट आहे. १८ गेजच्या टेफझेल (विमानात वापरतात त्या आवरणाच्या) तारेत साधारण ०.७५ व्होल्ट पडतात, चालेल. २२ गेजमध्ये जवळपास २ व्होल्ट पडतात. अशी मोटर हँगरमध्ये छान पळते आणि ८५ मैल वेगाच्या हवेत फ्लॅप उतरवताना रडायला लागते.

स्विच सहा टोकांचा, मधोमध बंद राहणारा घ्या. दोन्ही बाजूंना स्प्रिंग असलेला मला बरा वाटतो. लिमिट स्विच असलेल्या मोटरला 'वर' टिकून राहणारा स्विच तांत्रिकदृष्ट्या चालतो, पण मग आयुष्यभर त्या एका छोट्या लिमिट स्विचवर वीज टेकून राहते आणि तो चिकटला तर तुम्हाला कळणारही नाही. याची दुसरी बाजूही आहे: गो-अराउंडला (लँडिंग सोडून पुन्हा वर जाताना) बोट स्विचवर काही सेकंद धरून ठेवावं लागतं. ते नको असेल तर गार्मिनच्या जीएडी २७ किंवा व्हर्टिकल पॉवरच्या व्हीपी-एक्स सारख्या फ्लॅप चालवू शकणाऱ्या यंत्रणेकडे वळा. मात्र आधी तिची प्रवाहाची मर्यादा पाहा. शिवाय आतल्या लिमिट स्विचने वीज तुटली की काही नियंत्रक 'तार तुटली' असं समजून बोंब मारतात. दोन्ही उत्पादकांना विचारूनच मेळ घाला.

इशारा: फ्लॅप आपोआप चालू लागले तर वीज तोडायला हात कशावर जाईल, हे आराखड्यातच दिसलं पाहिजे. ओढता येणारा ब्रेकर हाताच्या टप्प्यात हवा. मागच्या फ्यूज ब्लॉकमधला फ्यूज उड्डाणात उपयोगाचा नाही.

## ५. जुनी मोटर काढणं

सीटच्या पाठी, बॅगेज फ्लोअरचे स्क्रू, झाकण. फोटो काढत जा: बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला, वॉशर किती आणि कुठे. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

खरा त्रास पडलेल्या वॉशरचा. एएन (विमानाच्या नट-बोल्टचं मानक) वॉशर फ्लोअरखाली गेला की तो एलेरॉनच्या पुशरॉडच्या वाटेवर जाऊन बसू शकतो. काम सुरू करण्याआधी खालच्या सगळ्या फटींवर टेप लावा. कॅडमियम प्लेटचे स्टीलचे वॉशर चुंबकाला चिकटतात, स्टेनलेसचे बहुधा नाही, तेव्हा चुंबकाच्या भरवशावर राहू नका. अडचणीच्या जागी वॉशरला दोरा बांधून तो सरकवा आणि बोल्ट बसला की दोरा ओढून काढा.

काढलेले कॉटर पिन आणि सेल्फ-लॉकिंग नट परत वापरू नका. त्यांची किंमत काही सेंट आहे.

## ६. नवी मोटर बसवणं, विजेशिवाय

आधी टेबलावर. मोटर १२ व्होल्टवर चालवून 'फ्लॅप वर'च्या टोकाला आणा आणि थांबवा. मोटरची लांबी तुमच्या वरच्या मापाशी जुळेल असा रॉड एंड फिरवा. १/४-२८ आट्यांचा रॉड एंड असेल तर एका पूर्ण फेऱ्याला ०.०३६ इंच, म्हणजे सुमारे ०.४ अंश फरक पडतो. रॉड एंडच्या आट्यांचा किमान दीड व्यासाइतका भाग आत राहिला पाहिजे. तपासायचं भोक असेल तर त्यात बारीक तार घालून पाहा, ती आरपार जायला नको.

वरच्या टोकाला फ्लॅप पत्र्यावर टेकण्याआधी मोटर थांबली पाहिजे की टेकल्यानंतर? लिमिट स्विचवाल्या मोटरीत किंचित आधी, म्हणजे पाऊण ते एक फेरा. मोटरने रोज फ्लॅप पत्र्यावर दाबून बसवायला सुरुवात केली तर पत्र्याचा रंग आधी जातो आणि रिव्हेट नंतर सैल होतात.

आता विमानात. वरचा बोल्ट, मग खालचा, दोन्ही नुसते हाताने. रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला एएन-९७० हा मोठा वॉशर घाला. आतला गोळा निखळलाच तर रॉड एंड बोल्टवरून सुटून जात नाही. बोल्ट किंवा नट सांध्यासोबत फिरत असेल तिथे नुसता सेल्फ-लॉकिंग नट चालत नाही, कॅसल नट (खाचा असलेला) आणि त्या खाचांतून जाणारी कॉटर पिन लागते. रॉड एंडचा गोळा दोन्ही बाजूंनी घट्ट आवळलेला असेल तर बोल्ट फिरत नाही, तिथे प्लॅनमध्ये दिलेला नट लावा.

टॉर्क: आवळून बसणाऱ्या साध्या जोडाला एएन-३ बोल्टसाठी २० ते २५ इंच-पाउंड, एएन-४ साठी ५० ते ७०. सेल्फ-लॉकिंग नट मोकळा फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढा त्यात मिळवा. पातळ, शिअर प्रकारच्या कॅसल नटला कमी टॉर्क असतो, तो तक्त्यातून घ्या.

रॉड एंडचा जॅम नट (त्याला जागेवर आवळून ठेवणारा) हा या सगळ्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा. तो सैल झाला की मोटरचा रॉड स्वतःभोवती फिरत रॉड एंडमधून उलगडत बाहेर येऊ शकतो. मोटरसोबत सेफ्टी वायरसाठी भोक किंवा लॉकिंग वॉशर दिला असेल तर तो वापरलाच पाहिजे. ०.०३२ इंचाची तार, इंचाला ६ ते ८ पीळ, आणि ओढ घट्ट करण्याच्या दिशेला. मग प्रत्येक नटावर टॉर्क सीलची (नट हलला की तुटणाऱ्या रंगाची) एक रेघ.

तपासणी: कुठलीही मोटर असो, रॉडचा बोल्ट तात्पुरता काढून फ्लॅप हाताने वरपासून खालपर्यंत हलवा. कुठेही अडखळता कामा नये. बोल्ट परत घालताना तो हाताने सरकून बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर सरळ रेषा चुकली आहे, ब्रॅकेटला शिम (पातळ पट्टी) लावा.

## ७. वीज जोडणं आणि पहिली हालचाल

मोटरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून न्या. ब्रशच्या ठिणग्यांचा आवाज हेडसेटमध्ये येण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. सेन्सरच्या तारा वेगळ्या वाटेने न्या. त्यांचं ग्राउंड ईएफआयएसच्या (उड्डाणाची माहिती दाखवणाऱ्या पडद्याच्या) सेन्सर ग्राउंडला जोडा, मोटरच्या ग्राउंडला नाही, नाहीतर मोटर चालताना पडद्यावरचा फ्लॅप थरथरताना दिसेल. तारांच्या रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावून पाहा. पोटेंशियोमीटरच्या दोन टोकांमधला रोध हालचालीने बदलत नाही. बदलतो तो मधल्या तारेचा.

पहिल्यांदा स्विच दाबताना रॉड वेल्डमेंटपासून सुटा हवा. पुन्हा सांगतो, सुटा, आणि तो कशाला अडणार नाही असा बाजूला धरलेला. स्विच 'खाली' केल्यावर रॉड फ्लॅप खाली नेणाऱ्या दिशेलाच जातो का, एवढंच पाहायचं आहे. उलट गेला तर दोन तारांची अदलाबदल करा. जोडलेल्या अवस्थेत ही चूक सापडली तर फ्लॅप वर असताना तो आणखी वर जायचा प्रयत्न करतो, आणि आत लिमिट स्विच नसलेल्या मोटरीत बाहेरचा नियंत्रक तेव्हा वाचवत नाही, कारण त्याच्या हिशेबाने फ्लॅप टोकापासून दूर जात असतो.

दिशा बरोबर ठरली की दोन्ही टोकांना मोटर आपोआप थांबते का पाहा. नियंत्रक असेल तर त्याचं कॅलिब्रेशन रॉड जोडल्यावर करा, पण थोडं थोडं पुढे नेत. शेवटचे ५ अंश बोटाच्या हलक्या टिचक्यांनी.

## ८. जमिनीवरची चाचणी

क्लॅम्प मीटर डीसीचा हवा, घरगुती एसीचा नव्हे. बॅटरीवर, म्हणजे साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि मग चार्जर लावून १४ व्होल्टला, दोन्ही दिशांचा प्रवाह आणि लागलेले सेकंद लिहून ठेवा. हे आकडे पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतात. फ्लॅप खाली जाताना एक सहकारी ट्रेलिंग एजच्या रिबजवळ तळव्याने वरच्या दिशेला एकसारखा दाब देऊ शकतो, दोन्ही बाजूंना सारखा. पत्र्याच्या मधोमध बोटं रोवू नका. प्रवाह वाढेल, पण मोटर थबकता कामा नये.

दोन फेऱ्यांमध्ये ड्यूटी सायकलनुसार विश्रांती द्या. मोटरला हात लावून चटका बसत असेल तर थांबा.

डाव्या-उजव्या फ्लॅपचा कोन वर, २० आणि ४० अंशांवर मोजा. फरक असेल तर तो पुशरॉडच्या रॉड एंडवर सोडवायचा, मोटरवर नाही.

मग मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर). मोटर चालू असताना हेडिंग हलतं का ते पाहा. गार्मिन जी३एक्स असेल तर त्यात चुंबकीय अडथळ्याची चाचणी आहे, ती चालवा आणि तिच्या यादीत फ्लॅपची हालचाल घाला.

हे सगळं झालं की झाकण बंद करण्याआधी दुसऱ्या कुणालातरी दाखवा. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल काउन्सेलर हे काम विनामूल्य करतात. तुम्ही स्वतः दहा वेळा पाहिलेला कॉटर पिन अकराव्यांदाही तुम्हाला लावलेलाच दिसतो.

## ९. कागदपत्रं

अमॅच्युअर-बिल्ट विमानाला एफएएचा भाग ४३ लागू नाही, पण त्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (त्याला घालून दिलेल्या अटी) लागू आहेत. 'मेजर चेंज'चं कलम त्यात वाचा. वजन, तोल, मजबुती आणि उड्डाणाचे गुण यांवर लक्षात येण्याजोगा परिणाम न करणारी मोटर बदलणं सहसा त्यात बसत नाही. नवे ब्रॅकेट रिव्हेट केले असतील किंवा फ्लॅपची कमाल मर्यादा बदलली असेल, तर एफएसडीओला (एफएएच्या स्थानिक कार्यालयाला) विचारा.

लॉगबुकमध्ये तारीख, टॅक (इंजिनच्या तासांचा आकडा), मोटरचा भाग आणि अनुक्रमांक, फ्लॅपचे तिन्ही कोन, प्रवाह, सेकंद आणि सही. जुन्या-नव्या मोटरच्या वजनातला फरक तोलाच्या हिशेबात घाला. वायरिंगचा नवा आराखडा विमानाच्या फाइलमध्ये ठेवा.

## १०. उड्डाण

ऑशकॉशच्या वार्षिक विमान-मेळाव्याला निघायच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी घाटातच नाही, हँगरच्या दारावरही लावायला हरकत नाही.

पहिलं उड्डाण एकट्याने, शांत हवेत, लांब धावपट्टीवरून, टेकऑफला फ्लॅप न वापरता. निघण्याआधी फ्लॅपशिवाय लँडिंगचा वेग आणि लागणारं अंतर डोक्यात पक्कं असू द्या. विमानतळाच्या वर जमिनीपासून ३,००० फुटांवर या. फ्लॅपच्या वेगमर्यादेच्या बरंच खाली, मर्यादा ११० मैल असेल तर ९० च्या आसपास, वेग स्थिर करा. आधी १० अंश, थांबा. विमान एका बाजूला कलतं का? आवाज, थरथर? मग परत वर. मग २०, मग पूर्ण.

इशारा: फ्लॅप हलताना विमान वळायला लागलं तर जिथून आलात तिथेच फ्लॅप परत न्या आणि उरलेलं उड्डाण त्याच स्थितीत संपवा. काय झालं ते शोधायला आणखी एकदा स्विच दाबू नका.

प्रत्येक टप्प्यावर २० सेकंद थांबून कोन तोच राहतो का ते पाहा. बॉल स्क्रूवाली मोटर मागे सरकत असेल तर ती इथेच उघडी पडते. मग पूर्ण फ्लॅपवर असताना इंजिनला पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंडची नक्कल करा आणि फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घ्या, सेकंद मोजत. जमिनीवरच्या वेळेपेक्षा फार जास्त लागत असतील तर व्होल्टेजच्या हिशेबाकडे परत जा.

शेवटी उड्डाणात फ्लॅप अर्ध्यावर असताना ब्रेकर ओढा. फ्लॅप जागेवर राहिले पाहिजेत. ब्रेकरपर्यंत हात न बघता पोहोचतो का, तेही तेव्हाच कळेल.

१० तासांनी झाकण पुन्हा उघडा. टॉर्क सीलच्या रेघा तुटल्या आहेत का, सेफ्टी वायर ढिली झाली का, तार कुठे घासते का, रॉडवर ग्रीसमध्ये अडकलेली धातूची चमचम दिसते का. क्लॅम्प मीटर लावून आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. २५ तासांनी तेच, आणि त्यानंतर दर वार्षिक तपासणीला. प्रवाह हळूहळू चढत असेल तर मोटरकडे बघण्याआधी टॉर्क ट्यूबचे ब्लॉक आणि फ्लॅपच्या बिजागऱ्या पाहा. आणि पाहुण्यांना विमानात चढवताना फ्लॅपवर पाय पडणार नाही असं उभं करा, कारण ८० किलोचा माणूस त्या कडेवर उभा राहिला की तो सगळा भार रॉड एंडवर येतो.